जाईच्या कुंडीतली गोळी

गॅलरीच्या जाळीवर चढलेली आमची जाई यंदा भरभरून फुललीय. येणारं प्रत्येक माणूस मान वर करून फुलांचं कौतुक करतं. काल माझी मोठी बहीण आली. हाडं ठिसूळ झाल्यापासून तिच्या पाठीला पोक आलंय, त्यामुळे तिला फुलं दिसलीच नाहीत. तिला दिसली खालची कुंडी, आणि मातीत अर्धवट विरघळलेली गुलाबी गोळी.

"कॅल्शियमची ना गं?" ताईनं विचारलं.

गोळ्या लेक आठवणीनं आणून देते. त्या गोळ्यांनी मुतखडा होतो असं ऐकलं म्हणून मी घेत नाही, आणि टाकवत नाहीत म्हणून जाईला घालते. जाईला कॅल्शियम लागतं, यावर माझा लगेच विश्वास बसला होता. मला लागतं, यावर मात्र नाही. दिवसभर घरात राबणारी बाई मी, मला काय होतंय? ताईही अगदी हेच म्हणायची.

"हो," मी म्हणाले. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"दोन फुलं काढून दे," ती म्हणाली. "माझा हात पोचत नाही."

मी टाचा उंचावून फुलं तोडली. सरळ उभं राहण्याची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.