मायचा फोटो बिघडला

आमच्या मास्तरांनी सारनाथ पाहिलं, बोधगया पाहिली, सांचीला दोनदा जाऊन आले. पण अंगणात बसलेल्या स्वतःच्या आईचा एक धड फोटो त्यांना काढता येत नाही, अशी आष्टीत त्यांची ख्याती आहे. ही ख्याती पसरवण्याचं काम माझे चुलत दीर अप्पाराव करतात. बाजारात त्यांचं शिलाई मशीन आहे. दिवाळीला टाकलेले कपडे त्यांच्याकडून शिमग्याला मिळतात, बातमी मात्र त्याच दिवशी मिळते.

मास्तर म्हणजे माझे मालक, तातेराव, प्राथमिक शाळेत शिकवतात. मी बेबीनंदा, त्यांची बायको. कॅमेरा घरात आला तेव्हा मला वाटलं, सहा महिन्यांत वेड उतरेल. त्याला आता आठ वर्षं झाली.

हे वेड लागलं सासऱ्यांमुळे. सासरे वारले तेव्हा त्यांचा एकही फोटो नव्हता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आहेत. त्यांच्या खाली सासऱ्यांसाठी म्हणून खिळा ठोकला होता, तो रिकामाच राहिला. पुढे सासूबाई त्याला बाजाराची पिशवी अडकवायला लागल्या. एक दिवस पिशवी काढता काढता म्हणाल्या, "तातेराव, तुझ्या बापाचं तोंड आता मला बी नीट आठवत न्हाई रं. नाक आठवतं, मिशी आठवती, पर समदं मिळून येत न्हाई."

त्या दिवशी मास्तर धड जेवले नाहीत. पुढच्याच सुट्टीत औरंगाबादहून जुना डबा-कॅमेरा घेऊन आले. तेव्हा सन १९७० चालू होतं.

माझ्या सासूबाई, चांगुणाबाई, यांनी तो डबा चारही बाजूंनी पाहिला आणि हुकूम सोडला, "पहिला माझा काढ. त्या खिळ्याला लावायला होईल. एकदा फोटो निघाला की मी जायला मोकळी."

इथेच घोटाळा झाला. सासूबाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. भावाशी एकदा बिनसलं तेव्हा "तुझ्या घरचं पाणी पिणार न्हाई" म्हणाल्या होत्या. त्याच्या लेकीच्या लग्नाला गेल्या, पण स्वतःची कळशी डोक्यावर घेऊन. अशी बाई "जायला मोकळी" म्हणते तेव्हा सून ते हसण्यावारी नेत नाही.

पण मला काळजी करायची गरज पडली नाही, मास्तर समर्थ होते. पुस्तकात लिहिलं होतं की सूर्य पाठीशी ठेवावा. त्यांनी ठेवला, आणि त्यांचीच सावली आईच्या तोंडावर पडली. निळं लुगडं झकास आलं, तोंडाच्या जागी कोळसा. दुसऱ्या खेपेला "माय, हालू नको!" असं ते इतक्या जोरात ओरडले की सासूबाईंनी दचकून डोळे गच्च मिटले. अप्पारावांनी तो फोटो दुकानात सगळ्यांना दाखवला. "आसा फोटो तर मेल्यावर बी निघतो. खर्चा कामून केला?"

तिसरा तर गाजलाच. त्या कॅमेऱ्यात एक फोटो काढला की चावी फिरवून रोल पुढे सरकवावा लागतो. दिवाळीच्या सुट्टीत मास्तर परतूरहून गाडीने मनमाड आणि तिथून सांचीला गेले. स्तूपाचा फोटो काढून भारावले आणि चावी फिरवायचं विसरले. घरी आल्यावर रोलच्या त्याच जागेवर आईला घेतलं. फोटो धुऊन आला तर सांचीच्या स्तूपावर सासूबाई मांडी घालून बसलेल्या, शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं हाकावीत तशा.

मास्तर डोकं धरून बसले. सासूबाईंनी मात्र फोटो कपाळाला लावला. "मी कवा गेल्ते रं?" मग तो घेऊन साऱ्या गल्लीत फिरल्या आणि बाजारात सांगून आल्या की सांची बघून झाली, जागा हवेशीर हाय. पण खिळ्याला तो चालेना, कारण घुमट त्यांच्या नाकातून आरपार गेला होता.

असं वर्षामागून वर्ष गेलं. मास्तर कुठूनही परत आले की रोलमधला शेवटचा फोटो आईसाठी राखलेला असायचा, आणि तोच बिघडायचा.

मग पंचाहत्तर साल आलं. मास्तर बोधगयेहून परतले होते. सासूबाई अंगणात तूर पाखडत होत्या. कोंबडीने सुपात उडी घेतली, सासूबाईंनी तिला बारा गावच्या शिव्या दिल्या आणि स्वतःच्याच शिव्यांना खदखदून हसल्या. मास्तरांनी काही न बोलता बटण दाबलं.

जालन्याहून धुतलेल्या फोटोंचं पाकीट आलं, मास्तरांनी त्यातला आईचा फोटो बाहेर काढून उजेडाला धरला. मी मागून पाहिलं. पडलेला दात, विस्कटलेले केस, डोळ्यांतलं हसू, अख्खी म्हातारी त्यात होती. मास्तरांचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला सांगू?

"चल, मायला दाखवू. मंग अप्पाच्या तोंडावर मारतो."

मी त्यांचा हात धरला. "दाखवू नका. जायला मोकळी म्हणल्यात त्या."

मास्तर सभेत अंधश्रद्धेवर भाषणं देतात. ताठ उभे राहून म्हणाले, "बेबी, आपण बिलकुल असलं मानत न्हाई."

"मंग न मानता लपवा."

त्यांनी फोटोवरून एकदा अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाले, "मी मानत न्हाई. पर माय मानती ना." आणि फोटो कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. मी तो तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी ठेवला. बाहेर अप्पाराव उभेच होते. मास्तरांनी त्यांना सांगितलं, "बिघडला."

त्या एका शब्दाची मास्तरांना केवढी किंमत मोजावी लागली ते मी पाहिलं आहे. दुकानात हसू, बसमध्ये हसू, शाळेतली पोरंसुद्धा विचारायची. एकदा तर ते फोटो खिशात घालून अप्पारावांच्या दुकानापर्यंत गेले आणि काखेतलं उसवलेलं शिवून घेऊन तसेच परत आले. मात्र दर दोन दिवसांनी "डाळ हाय का बघतो" म्हणून डब्यात डोकावायचे. ज्या माणसाला आपल्या घरात मीठ कुठे असतं ते माहीत नाही, तो डाळीची चौकशी करतो म्हटल्यावर कोणत्या सासूला संशय येणार नाही?

तो आला होता, हे मला गेल्या दिवाळीत कळलं. मास्तर प्रवासाहून आले होते, कॅमेरा तयार होता. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "बेबे, पेटीतलं माझं निळं लुगडं काढ."

मी लुगडं उचललं. खाली सासऱ्यांचा जुना रुमाल होता, आणि त्यात कागदासकट नीट गुंडाळलेला तो हसरा फोटो. कागदाच्या घडीत अजून डाळीचे दोन दाणे होते.

बाहेर आले तर सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या.

"घावलं का?"

"घावलं."

"मंग आन की जल्दी. ऊन चाललं."

म्हणजे म्हातारीने फोटो कधीचाच पाहिला होता, मास्तर प्रवासात असताना डब्यातून पेटीत नेला होता, आणि पाहूनही ठणठणीत होती. लुगडं नेसून त्या ताठ बसल्या. कुंपणापाशी अप्पाराव तमाशा बघायला हजर होते. मास्तरांनी डोळा लावला, बटण दाबलं, आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाईंनी मान गर्रकन फिरवून कोंबडीकडे पाहिलं.

"गेला!" अप्पाराव टाळी वाजवत म्हणाले. "काकू, तुझ्या तातेरावला जन्मात तुझा फोटो येत न्हाई बघ."

सासूबाई उठल्या. लुगड्याचा पदर सारखा केला.

"गप रं अप्पा. माझं लेकरू फोटो बराबर काढतं. मीच हालते."

मास्तर कॅमेऱ्यातून वर बघायलाच तयार नव्हते. रोल संपलेला होता, तरी किती तरी वेळ नुसती चावी फिरवत उभे राहिले.