तपकिरी थरावरचं वार्निश

माझ्या बायकोलासुद्धा हे ठाऊक नाही. नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत कितीदा ओठांवर आलं आणि कितीदा गिळलं, त्याचा हिशोब नाही. आज तुम्हाला सांगतोय. आजच का — ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मी निरगुडसरचा. चित्रकलेचा मास्तर होतो, आता निवृत्त. नाद एकच — नॅरोगेजची जुनी वाफेची इंजिनं. एकोणिसाव्या शतकातली ती बुटकी इंजिनं मुळात कुठल्या रंगाची होती? फोटो सगळे काळेपांढरे. मग जुनी पत्रं चाळायची, कारखान्यांच्या याद्या धुंडाळायच्या आणि तर्क करायचा. त्या तर्कावर मी एक मोठं चित्र काढलं — गडद हिरवं इंजिन. पेठ गावाजवळ एका हौशी मालकाचं संग्रहालय होतं, तिथे तसलंच एक इंजिन उभं होतं. त्यांच्या पुस्तिकेवर माझं चित्र छापलं गेलं. माझा सत्कार झाला. लोक मला तज्ज्ञ म्हणू लागले. आवडलं मला ते — लपवत नाही.

इंजिन नव्याने रंगवायचं ठरलं, तेव्हा जुन्नरच्या रशीद पेंटरना मीच तिथे नेलं. ट्रकच्या फाळक्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर आयुष्य गेलेला माणूस. फ्लेक्स आले आणि पाट्या बंद पडल्या. या कामाने रशीदभाई लहान मुलासारखे हरखले होते.

आधी जुने थर बघू, हे त्यांनीच सुचवलं. केबिनच्या आत, सहसा हात पोचणार नाही अशा कोपऱ्यात, रुपयाएवढी जागा त्यांनी पॉलिश पेपरने हळूहळू घासली. वर काळा. मग हिरवा. पुन्हा काळा. आणि सगळ्यांत खाली तपकिरी — खजुरासारखा.

मी म्हणालो, प्राइमर असेल, रंगाखालचं अस्तर. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

"नीट बघा, मास्तर. याच्यावर वार्निश हाये. प्राइमरवर वार्निश कोन मारतं, राव?"

मी पाहिलं. मधासारखा पातळ थर, लख्ख दिसत होता. म्हणजे इंजिन मूळचं तपकिरी. हिरवा नंतरचा. माझं चित्र चूक — आणि त्यावर मिळालेला मान?

संग्रहालयाच्या बैठकीत रशीदभाईंनी सगळं सांगितलं. बाकीच्यांना थरांतलं काही कळत नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "प्राइमर आहे. वार्निश काही मला दिसलं नाही."

इथेच थांबलो असतो तर? पण नाही थांबलो. दोन दिवसांनी मालकाचा फोन आला — शंका नको, नमुना तपासायला पाठवू या. आणि मी बोलून गेलो — नाही, बोलून गेलो नाही, विचार करून बोललो — की तो तपकिरी रंग रशीदनेच आधी जाऊन लावला असणार, स्वतःला जाणकार ठरवायला. माझं नाव मात्र कुठे घेऊ नका.

तपासणी राहिली. रशीदभाईंचं काम गेलं. पुण्याहून माणसं आली, यंत्र लावून त्यांनी अख्खं इंजिन लोखंडापर्यंत खरवडलं. तो कोपराही गेला. आता कुणालाच काही सिद्ध करता येणार नाही. इंजिन हिरवं झालं — माझ्या चित्राबरहुकूम.

महिनाभराने रशीदभाई घरी आले. खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

"तुमाला वार्निश न्हाई दिसलं, ते ऱ्हाऊ द्या. नजरंचा फरक आसतो. पन मी रंग लावून फसवलं, हे कोन बोललं? चाळीस वर्सं ब्रश धरला, आसं कोनी म्हनलं न्हाई मला."

मी काय केलं असेल? म्हणालो, "सुभाष असेल."

सुभाष संग्रहालयाचा मॅनेजर. रशीदभाईंचा शाळेपासूनचा दोस्त. त्या बिचाऱ्याला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्या दिवसापासून रशीदभाईंनी त्याचं तोंड पाहिलं नाही. सुभाषच्या मुलीच्या लग्नालाही गेले नाहीत. सुभाषला आजही कळत नाही, आपलं काय चुकलं. त्याने मला विचारलं होतं — हो, मलाच. मी खांदे उडवले.

गेल्या ईदला रशीदभाईंनी मला जेवायला बोलावलं. मी गेलो. शेजारी बसवून ते आपल्या सुनेला म्हणाले, "त्या टायमाला सगळे फिरले, पोरी. सुभाषसुदिक. येक मास्तर तेवढे माझ्यासंगं ऱ्हायले."

तिने शीरखुर्मा आणखी हवा का, विचारलं. मी वाटी पुढे केली.