शहाजीचा खटका

"माझ्या मशीनखाली जो वाकेल, त्याचं डोकं मी तिथंच ठेवून घेईन," असं शहाजी एकदा सगळ्या ऑर्केस्ट्रासमोर म्हणाला होता. सगळे हसले. त्याची बायको पुतळा तेवढी हसली नाही. नवरा थट्टा करत नाही, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं.

मशीन म्हणजे पेडल स्टील गिटार. चार पायांचं अरुंद टेबल, वर दहा तारा, खाली पायानं दाबायच्या पट्ट्या आणि गुडघ्यानं ढकलायचे खटके. पट्टी दाबली की ठरावीक तार चढते, खटका ढकलला की उतरते, आणि डाव्या हातातली लोखंडी दांडी तारांवरून सरकत राहते. वाशीचा एक गोवेकर वादक देश सोडून गेला तेव्हा ते शहाजीच्या गळ्यात पडलं. शहाजीच्या करंजाड्याच्या सोसायटीत पोरं त्या मशीनला इस्त्रीचं टेबल म्हणत. पुतळा घरी ब्लाउज शिवायची. ती म्हणायची, "माझं मशीन पायानं चालतं, तुमचं पन पायानं चालतं. माझ्यातून ब्लाउज निघतो. तुमच्यातून काय निघतं? मांजर."

शहाजी बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात शिपाई म्हणून लागला आणि नाईक होऊन निवृत्तीला आला. राग त्याच्या अंगात मुरलेला होता. साहेबानं चुटकी वाजवून बोलावलं तर तो भिंतीकडे बघत उभा राहायचा. साहेबाला नावानं हाक मारावी लागायची. त्यापायी त्याच्या बदल्या झाल्या, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर. जयंतीच्या दिवसांत मात्र तो रजा टाकून ऑर्केस्ट्राबरोबर वाजवत हिंडायचा. धाकटा भाऊ अभय की-बोर्डवर असायचा. अभय बँकेत अधिकारी, वाशीला मोठा फ्लॅट, बोलणं हळू आणि स्वच्छ. शहाजीला त्याचा की-बोर्ड आवडत नसे. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही. ते पुतळाला ठाऊक होतं.

दोघा भावांची आई जाईबाई मराठवाड्यातल्या गावात असताना जात्यावर एक गाणं गायची. तिनंच जोडलेलं. "विहिरीच्या कडंला माझी घागर रिकामी." गावच्या विहिरीला जाईबाईच्या आळीतल्या लोकांनी हात लावायचा नाही. वरच्या आळीतली कुणी बाई येईल, तिच्या मनात आलं तर वरून पाणी ओतील, तोवर उन्हात बसून राहायचं. गाण्यातल्या 'रिकामी'वर जाईबाईचा आवाज खाली यायचा आणि अशा जागी टेकायचा, जिथं अभयच्या की-बोर्डवर पट्टीच नव्हती. एका पट्टीच्या जरा खाली, दुसरीच्या बराच वर. एकदा पनवेलच्या एका स्पर्धेत परीक्षक माइकवरून म्हणाले, "आजी, भाव छान. सूर सांभाळा." जाईबाईनं हात जोडले. अभय मान खाली घालून बसला. शहाजी दुसऱ्या दिवसापासून गिटारीपाशी ॲलन की, म्हणजे नट फिरवायची षटकोनी चावी, घेऊन बसू लागला.

ते काम पुतळानं इतकी वर्षं पाहिलं, की तिला ते झोपेतही करता आलं असतं. आधी मोकळी तार एका टोकाच्या खुंटीवर लावायची. मग गुडघ्यानं खटका ढकलून धरायचा आणि दुसऱ्या टोकाला, तारेच्या शेपटीपाशी जे बारकं नट असतं, ते ॲलन कीनं फिरवत उतरलेला सूर लावायचा. हा क्रम उलटा केला की सगळं मुसळ केरात. जाईबाई पलंगावर मेथी निवडत 'रिकामी' म्हणायची, शहाजी खटका ढकलायचा. "वर हाय," ती म्हणायची. तो नट केसभर फिरवायचा. "आता पार विहिरीत गेली की रं!" तो शिव्या देत परत फिरवायचा. असं कित्येक संध्याकाळी. एके दिवशी तार उतरली आणि जाईबाईचा मेथीतला हात थांबला. "ही तर माझीच हाय," ती म्हणाली. त्या दिवसानंतर त्या नटाला शहाजीनं स्वतःसुद्धा हात लावला नाही.

यंदा जाईबाईच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावंच लागेल, जिवाला धोका नाही, आवाजाची खात्री देता येत नाही. सोमवारी भरती व्हायचं होतं. अभयनं धावपळ करून रविवारी सकाळी वाशीतला स्टुडिओ ठरवला. आईचं गाणं एकदा तरी नीट भरून ठेवायचं, म्हणजे पुढं आवाज गेला तरी गाणं राहील. गिटार अवजड, म्हणून अभय शुक्रवारीच ती गाडीतून घेऊन गेला.

रविवारी स्टुडिओत शहाजी स्टुलावर बसला, दांडी तारांवर ठेवली आणि गुडघा खटक्याला लावला. खटका लोण्यासारखा सरकला. तार जरा उतरली आणि आईच्या सुराच्या वरच राहिली. त्यानं पुन्हा ढकलला. मग तो उठला, वाकला आणि गिटारीच्या पोटाखाली बघत राहिला. खाली लोखंडी काड्यांची जाळी असते. खटक्याची ओढ त्या काड्या तारेपर्यंत नेतात.

"काडी कुनी हलवली?"

अभय हसत पुढं आला. त्याला शाबासकी हवी होती. "दिपेशला बोलावलं होतं मी. रिपेअरवाला, एकदम प्रोफेशनल. तुझा गुडघा दुखतो ना दादा, खटका जड होता, त्यानं काडी शेजारच्या भोकात टाकून हलका केला. आणि सगळ्या तारा सूर मोजायच्या ट्यूनरवर झीरोला आणल्या. त्यातली एक तार तर केवढी खाली होती!"

"ती खाली नव्हती."

"ट्यूनरच्या मशीननं दाखवलं, दादा."

"मशीनला आई हाय का?" शहाजी ओरडला. काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट राजवर्धन दचकून उठला. "त्या परीक्षकाची अवलाद तू! माझ्या घरात निपजलास!"

"तुझ्या गुडघ्यासाठी केलं मी. वहिनी, तुम्ही तरी सांगा."

"दोघंबी तोंडं मिटा," पुतळा म्हणाली. "आत्याबाईंना बसवा आधी."

राजवर्धन बाहेर आला. पोरगा गरीब स्वभावाचा होता. म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. आजींचा आवाज आधी घेऊन टाकू. तुमची गिटार उद्या, परवा, कधीपण डब करता येईल. आणि आवाज इकडेतिकडे झाला तर तो पण कॉम्प्युटरवर सरळ करता येतो."

शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर बरं झालं असतं. शहाजीचा चेहरा काळानिळा पडला. "सरळ? तू सरळ करनार? आधी माझी तार लागंल. मग आई गाईल. दोघं संगं. तोवर कुनी कशाला हात लावायचा नाही."

तो फरशीवर उताणा झोपून गिटारीखाली घुसला. काडी जुन्या भोकात घातली. पण तिच्या टोकाचं नट दिपेशनं कुठल्या कुठं फिरवलेलं, मोकळी तार त्यानं चढवलेली, आणि जुना सूर कागदावर कुठं लिहिलेला नव्हता. तो एकाच ठिकाणी होता. शहाजी बाहेर आला, खुंटी फिरवली, खटका धरला, नट फिरवलं.

"आई, म्हन."

"रिकामी," जाईबाई माइकसमोरून म्हणाली.

"परत."

"रिकामी. वर हाय अजून."

"परत."

अभय मध्येच म्हणाला, "दादा, अरे तिला आधी पूर्ण गाऊ दे ना."

"तू बोलू नको! जन्मभर तिला सुधारत आलास. 'हाय' नाही, 'आहे' म्हन, 'पानी' नाही, 'पाणी' म्हन. आता गळा पन सुधारनार?"

"मी तिला शिकवलं त्यात पाप काय केलं?"

"परत, आई."

पुतळा जाईबाईकडे बघत होती. शिवणाऱ्या बाईला धागा कुठं विरतो ते आधी कळतं. म्हातारीच्या मानेची शीर ताठ होत होती आणि 'रिकामी'तला 'री' घासून यायला लागला होता. "अहो, आत्याबाईंचा घसा बघा," ती म्हणाली.

"तू गप."

"गप काय गप? सोन्यासारखा आवाज तुमी कानशीवर घासताय! घेऊ द्या त्या पोराला गानं."

"आनि तो सरळ करून ठेवंल, मग?" शहाजीनं वर बघितलंच नाही. "आई, परत."

जाईबाईनं सुनेकडे हात केला, असू दे म्हणून. "लागंल गं त्याची. लई जवळ आलीया." पाणी प्याली. "रिकामी." तार खाली आली. नाही. पुन्हा. नाही. नट केसभर. पुन्हा.

मग तार उतरली आणि जाईबाईचा आवाज उतरला, आणि खोलीत दोन आवाज उरले नाहीत. अभयसुद्धा सरळ होऊन बसला.

"लागली!" शहाजी म्हणाला. त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. "चला, आता सुरुवातीपासून. आई, हं."

जाईबाईनं तोंड उघडलं. ओठ हलले. विहिरीच्या, कडंला. आतून नुसता वारा आला. तिनं खाकरून पाहिलं, पुन्हा ओठ हलवले. मग पोराची समजूत काढावी तशी हसली आणि गळ्याला हात लावून मान हलवली.

गरम पाणी झालं, लवंग झाली, तासभर वाट पाहणं झालं. आवाज आला नाही. पुतळाच्या तोंडाशी शिव्यांची रांग लागली होती. नवऱ्याला, दिराला, त्या दिपेशला, पनवेलच्या परीक्षकाला. पहिली कुणाला द्यावी ते तिला ठरवता येईना.

राजवर्धन काचेपलीकडून हळूच म्हणाला, "काका, माइक चालू होता. मी बंद केलाच नव्हता. ऐकवू?"

त्यानं लावलं.

रिकामी. परत. रिकामी. वर हाय अजून. परत. तू बोलू नको. रिकामी. तू गप. परत. प्रत्येक वेळी म्हातारीचा आवाज थोडा झिजलेला, आणि त्याच्या पाठीमागून एक माणूस चुटकी वाजवल्यासारखा हुकूम सोडत होता, परत, परत. शेवटी तार आणि आवाज एक झाले. क्षणभरच. मग त्याच माणसाची आनंदाची आरोळी. लागली.

जाईबाई डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिनं शहाजीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे, आणि मान डोलावली. माझीच हाय.

शहाजीनं ॲलन की तारांवर ठेवली. दांडी तिच्या शेजारी ठेवली. अभय म्हणाला, "दादा." पुतळानं नवऱ्याची वाट अडवली. आता तरी त्यानं ओरडावं, कुणाला तरी दोष द्यावा, म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानं तिला दोन्ही हातांनी हळूच बाजूला केलं, दरवाजाची जड कडी उचलली आणि निघून गेला.