नंबर तोच राहील का

नंदे, जरा फोनला नीट कान लाव. 'मावशी, तो जुना फोन काढून टाका' असं दर वेळी काय गं सांगतेस? आधी ऐकून तर घे.

आज सकाळी खिडकीतून पाहिलं, तर गल्लीत खड्डा खणून माणसं टेलिफोनची काळी केबल बाहेर ओढत होती. कापलेल्या टोकातून लाल, निळ्या बारीक तारा लोंबत होत्या. एवढी मोठी सरकारी कंपनी, गावोगाव तारा नेल्या तिने. आमचा नंबर लागायला वर्षं गेली, आणि लागला तेव्हा तुझ्या काकांनी गल्लीभर पेढे वाटले.

आता त्यांना सगळ्याचा विसर पडत चाललाय, पण तेव्हा पाठ केलेला पाच आकडी नंबर पक्का आहे. नंतर कंपनीने नंबरच्या आधी दोनचा आकडा लावला, तो ते विसरले. खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवली तर फाडून टाकतात. परवा बाजारात वाट चुकले, घर कुठलं ते सांगता येईना, नंबर मात्र घडाघडा म्हणाले. औषधवाल्याने पुढे दोन लावून मला फोन केला, म्हणून परत आले.

मी लाइनमनला विचारलं, "या केबलऐवजी नवी लाइन आली तरी नंबर तोच राहील का रे?"

"बहुतेक राहील, आजी."

"बहुतेक म्हणजे?"

"वरून अजून काही कळलं नाही. तुमच्या बाजूची केबल उद्या काढतोय."

तेव्हापासून सारखा रिसीव्हर उचलून टोन येतोय का बघतेय. देशभर अशा किती तारा उपटत असतील, आणि कुणाकुणाचं घर त्यांच्या टोकाला असेल.

लवकर ये गं भेटायला. तुझं नाव त्यांना अजून आठवतं.