उघड्या डोक्याची फिल्म

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी कुणालाही सांगतो, न विचारता सांगतो. बीएस्सी झालो, परळीत गणिताचे क्लास काढले, पण पोरं काही येईनात. शेजारच्या क्लासवाल्याची मात्र मोबाईलवर फिरणारी फिल्म होती. त्यात त्याचं फाटकं दप्तर, आटलेली विहीर, शेवटी त्याचं रडणं. आजकाल आमच्याकडं ज्याला-त्याला स्वतःची फिल्म हवी असते. सरपंचकीला उभा राहणारा काढतो, डेअरीवाला काढतो. मग मीही काढायची ठरवली.

लग्नाचं शूटिंग करणारा कॉलेजचा एक दोस्त कॅमेरा घेऊन घाटनांदूरजवळच्या आमच्या वस्तीवर आला. आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखतात. कॅमेरा येणार म्हणून त्यांनी मेंढरांच्या पाठीवर रंगाचे पट्टे ओढले होते, परीटघडीचं धोतर नेसलं होतं आणि लग्नाकार्यातला लाल फेटा बांधला होता. माय हिरवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी होती.

दोस्त माझ्या कानाशी लागला. म्हणाला, ह्यांच्याकडं बघून कोण म्हणंल की तू हालात शिकलास? मला पटलं. मायला म्हणालो, जुनं लुगडं नेस. ती म्हणाली, पाव्हण्यापुढं न्हाई. मग तिला फिल्ममधून वगळलं. आबांना फेटा सोडायला सांगितलं. त्यांचा हात फेट्यावरच राहिला.

"उघड्या डोक्यानं बसू? कावून रं?"

"लोक बघतील, आबा. लोकांनी बघितलं म्हंजे येतील."

आमच्यात बाप्या माणूस चारचौघांत डोकं उघडं ठेवतो ते घरात मयत झाल्यावर. सुतक फिटलं की सोयरे येऊन फेटा बांधतात, तोवर उघडंच. हे मला काय ठाऊक नव्हतं? पण त्या वेळी मला फक्त क्लासची रिकामी बाकं दिसत होती. आबांनी फेटा सोडला, मांडीवर ठेवला, तर दोस्तानं तोही उचलून बाजूला केला. आबा भिंतीला टेकून, सांगितलं तसं लांब बघत राहिले. नंतर त्यानं सगळं काळं-पांढरं केलं आणि खाली बासरी टाकली.

फिल्म मोबाईलवर टाकली आणि दुसऱ्याच दिवशी चालली. सकाळपासून फोन थरथरत होता. त्यातला आबांचा तेवढा तुकडा कुणीतरी पाव्हण्यारावळ्यांच्या ग्रुपवर टाकला, तोही आवाजाशिवाय. मामाचे फोन येऊन गेलेले दिसले. वाटलं, शाबासकी द्यायला केले असतील, नंतर बघू. दुपारी आबांना कौतुक सांगायला म्हणून वस्तीवर गेलो.

मी पोचलो न पोचलो तोच मागून जीप आली. चौसाळ्याचा मामा उतरला. पाठोपाठ मामी आणि भावकीतल्या बाया. मामाचं डोकं उघडं होतं. मामीनं जीपमधून उतरता उतरता हंबरडा फोडला. मामा सरळ आबांपुढं जाऊन उभा राहिला.

"दाजी, मातीलाबी बोलावलं न्हाई? सख्खी बहीण हुती ती माझी."

आबांना काही उमजेना. तेवढ्यात हंबरडा ऐकून माय शेणाच्या हातानं गोठ्यातून बाहेर आली. म्हणाली, "दादा? लई अवचित आलास."

मामा मटकन खाली बसला. त्यानं तिचा तो शेणाचा हात धरला आणि सोडीनाच. मामीनं डोळे पुसत फोन पुढं केला. काळं-पांढरं बघून त्यांना ते श्रद्धांजलीचंच वाटलं होतं. दाजी उघड्या डोक्यानं, भिंतीला टेकलेले, आणि घरधनीण कुठं दिसत नाही. दुसरं काय समजायचं, असं ती मलाच विचारत होती. मी इस्त्रीच्या शर्टात उभा होतो. मला बोलता येतं म्हणून तर मी क्लास काढला होता.

आबांनी फिल्म पहिल्यांदाच बघितली, शेवटपर्यंत बघितली. बघता बघता त्यांचा हात डोक्याकडं गेला, तिथं फेटा होता तरी. मग हळूच मला म्हणाले, "लोक येतील म्हणला हुतास. आले बघ."

हसलं कुणीच नाही. मायनं हात धुतले, मामीला चहाचं आधण ठेवायला लावलं, आत गेली आणि ते हिरवं लुगडं नेसून आली.

"आता मला काढ. आनखी कोणी घरून निघायच्या आत."

मी मोबाईल धरला. आबा फेटा आवळून शेजारी बसले. माय मोबाईलकडं रोखून बघत म्हणाली, "मी जिती हाय. मालकबी बरे हायेत. कुणी येऊ नका. आन् निघालाच असाल तर जेवून जा."

ते मी तिथल्या तिथं ग्रुपवर टाकलं. फिल्मही काढून टाकली, पण लोकांच्या फोनमध्ये गेलेली कशी काढणार? त्याच आठवड्यात क्लासला पोरं यायला लागली. एका पोराचे वडील बसायच्या आधीच हात जोडून म्हणाले, सर, फिल्म बघून पाणी आलं डोळ्याला, तुमच्या वडिलांचे लई हाल झाले. मी त्यांना मायचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो अर्धाच पाहिला, मोबाईल परत दिला आणि क्लासची वेळ विचारली.

मी वेळ सांगितली.