सूपभर कोंड्याचं पोर

"आई कोण याची?" डाक्टरनी इचारलं, आन् माझ्या तोंडातनं निघून गेलं, "मी नाय."

पोर माझ्याच मांडीवर. अंग तव्यागत तापलेलं, हुडहुडीनं दात वाजतायत, डोळे मधीच पांढरे व्हतायत, आन् मी सांगतेय मी नाय. शेजारची मावशी संगं आलेली, ती झटकन पुढं झाली. "मी हाय. मी आई त्याची."

मावशीचं केस पांढरं, पुढचं दात पडलेलं. डाक्टरनी चष्म्यावरनं तिच्याकडं बघितलं. "आजी, तुम्ही?"

"आजी कुनाला बोलतोस रं? देवानं दिला तवा घेतला. बायामानसाला वय इचारतोस?"

बाकड्यावर बसलेली मानसं हसली. तेवढ्यात पोर रडलं आन् माझी चोळी दुधानं भिजली. मी पदर वढला, पन डाक्टरनी बघायचं ते बघितलं. नळी कानाला लावली.

आमच्यात आसं करतात, म्हनून सांगते. याच्या आधीची माझी दोन पोरं गेली. पयला पाळन्यात घालायच्या आधीच. दुसरा चांगला चालत व्हता, कोंबडीच्या मागं धावायचा. त्याला ताप आला, गावात तापाच्या गोळ्या वाटल्या व्हत्या त्या दिल्या, आन् मंग त्याची लघवी काळी झाली. कोऱ्या चहागत काळी. डोळे हळदीगत. मी लंगोट धुवायची आन् तो डाग निघायचा नाय, घासून घासून माझी बोटं सोलली. तो गेला तरी तो लंगोट माझ्याकडं व्हता.

लोक बोलले, हिच्या कुशीवर कुनाची तरी नजर हाय. म्हनून हा तिसरा झाला तशी सासूनं त्याला सुपात घातला, सूप मावशीच्या वटीत दिलं, आन् तिच्याकडनं सूपभर कोंडा घेतला. झाला सौदा. पोर मावशीचं. ज्यानं माझी दोन नेली त्याला कळूच नये का ही बाय परत आई झालीय. पाजायची मी, न्हाऊ घालायची मी, पन बोलायचं कसं, तर "मावशे, तुझं पोर रडतंय गं." झोपेत बी "माझा" बोलायचं नाय. पोरगं बोलायला लागलं तवा मावशीला "आये" बोललं. मला समदी "ए गं" हाक मारतात, तर ते बी मला "गं" बोलायचं. "गं, पानी." "गं, घे." मावशी हसायची, मी बी हसायची, आन् चुलीकडं तोंड करून बसायची.

तर त्या दिवशी खालापूरकडनं यष्टीनं कर्जतला उतरलो, तिथनं भिसेगावच्या ह्या डाक्टरकडं. पोराचा बाप कामावर, म्हनून आमी दोघीच. डाक्टर मुंबईला शिकलेला, आवाज मऊ. तो मावशीला इचारीत गेला, कारन आई ती.

"याला भावंडं?"

"येकटाच हाय."

"घरात कुणाला कावीळ? लाल-काळी लघवी? एखादी गोळी सोसली नाही असं कुणाचं झालंय?"

"आमच्या घरात? समदे दगडागत हायत."

ती खोटं नवती बोलत. तिच्या घरात खरंच समदे दगडागत.

"हिवताप आहे," बोलून डाक्टरनी दोन कागद मांडले. येकावर पांढऱ्या गोळ्या, दुसऱ्यावर तपकिरी. "पांढरी आत्ता द्यायची. ताप उतरला की ही दुसरी, रोज, म्हणजे ताप परत उलटणार नाही. कळलं?"

"कळलं," मावशी बोलली.

मी त्या तपकिरी गोळीकडं बघितलं. ती मी वळखली. डोळ्यानं नाय, बोटानं वळखली. आधीच्या पोराला मीच ती चेचून मधातनं चाटवली व्हती, याच बोटानं, आन् तो कडू कडू बोलून माझ्या बोटाला चावला व्हता.

मी त्या कागदावर हात ठेवला.

"काय झालं?" डाक्टर बोलले.

काय झालं ते मला तरी कुठं ठावं? गोळीनं गेला का नजरेनं गेला, मला कुनी सांगितलंय? मी चौथीपतोर शिकलेली. पन गोळी द्यायची तर माझा जीव धजंना. आन् बोलायचं तर मी आई हाय आसं निघनार, सौदा मोडनार. मावशीनं खालनं माझ्या मांडीला चिमटा काढला.

मी बोलले, "आमच्या गावात येक बाय हाय."

"बरं."

"तिच्या पोराला ही गोळी दिली व्हती. मंग त्याची लघवी काळी झाली."

डाक्टरनी पेन खाली ठेवला. बाहेर खोकनारी मानसं खोळंबलीवती, तरी त्यांनी खुर्ची माझ्याकडं वढली. "त्या बाईचं पोर मुलगा होता का मुलगी?"

"मुलगा."

"डोळे पिवळे झाले?"

"हळदीगत."

"गोळीच्या आधी, का नंतर?"

हे मला आजपतोर कुनी इचारलं नवतं. मी आठवलं. "नंतर. आधी ताप व्हता नुसता."

"मग?"

"मंग काय. गेला."

त्यानं पोराची पापनी खाली वढून डोळा बघितला. मंग हळू बोलला, "त्या बाईला सांग, तिनं काही वाईट केलं नाही. गोळीही वाईट नाही, बहुतेकांना चालते. पण काही मुलांच्या रक्ताला ती सोसत नाही. आईच्या रक्तातनं ते मुलात उतरतं. आईला काहीच होत नाही, म्हणून तिला कळत नाही."

मी कागदावरचा हात काढला नाय.

"आता नीट सांग बाई. ती बाई या पोराची कोण? कुणी नसली, तर ही गोळी मला द्यायलाच पाहिजे, नाहीतर ताप परत परत येऊन पोर खंगेल. आणि कुणी असली, तर ही गोळी याच्या तोंडाला लावायची नाही. कधीच."

"बोलू नको गं," मावशी बोलली. मघाशी हसवीत व्हती ती, आता तिचा आवाज कापत व्हता. "आईकतोय तो."

"कोण ऐकतोय?" डाक्टरनी इचारलं.

मावशीनं दाराकडं बघितलं. पोर माझ्याकडं बघून "गं" बोललं.

"ती मीच," मी बोलले. "माझं हाय. माझंच पोर हाय."

डाक्टर वरडले नायत. तपकिरी गोळ्यांचा कागद उचलून आत ठेवला, पांढरी माझ्या हातात दिली, मावशीच्या नाय. बोलले, "पुढं कुठंही ताप आला, कुणीही गोळी दिली, तर आधी सांगायचं, मी आई, आणि माझ्या आधीच्या मुलाला असं झालं होतं. लाजायचं नाही. मोठ्यानं सांगायचं."

ताप उतरला. पोर जगलं. पन यष्टीत मावशीनं त्याला मांडीवर घेतलं नाय. उतरताना एवढंच बोलली, "आता माझं काय चालायचं नाय त्याच्यापुढं. ज्यानं तुझी दोन नेली, त्याला तू हाक मारलीस."

तवापासनं दिवेलागनीला पोर अंगनात खेळता खेळता थांबतं, कुंपनाकडं बघतं, आन् माझं काळीज पानी व्हतं. अंग गरम लागलं का आधी मी लंगोट उजेडात धरून बघते. डाक्टर बोलले ते खरं आसल, तर बाहेरचं कुनीच नवतं. माझ्यातच व्हतं. मंग येवढे दिवस मी त्याला कुनापासनं लपवीत व्हते? आन् मावशीचं खरं आसल, तर भर दवाखान्यात मीच पोराचा पत्ता सांगून आले. दोघंबी त्याच्या भल्याचंच बोलत व्हते. कुनाचं खरं ते मला कळत नाय, आन् पोर तर रोज वाढतंय, रोज कुनीतरी दारात इचारतंय, कुनाचा गं हा? मी सांगते. पन सांगताना मागं वळून बघते.

तुमी सांगा. पोर मांडीवर जळतंय, हिकडनं डाक्टर बोलतोय बोल, तिकडनं मावशी बोलतेय बोलू नको. तुमी आसता तर काय केलं आसतं?