हेडलाइटला नमस्कार

माझ्या मोटरसायकलचा हेडलाइट इतका मंद होता की, तो लागलाय का हे बघायला काचेसमोर हात धरावा लागे. मागे बसलेले अण्णा, म्हणजे माझे वडील, दिवेलागणीला हमखास विचारायचे, "लावलास का रे दिवा?" मी म्हणायचो, "केव्हाच!" मग ते माझ्या शब्दावर विश्वास ठेवून हात जोडायचे. संध्याकाळी दिवा लागला की नमस्कार करायचा, मग तो देव्हाऱ्यातला असो की दुचाकीचा, हा त्यांचा नेम.

काल नवा एलईडी बसवून घेतला. शेतावरून परतताना बटण दाबलं आणि रस्ता थेट वळणावरच्या वडापर्यंत लख्ख उजळला. अण्णांनी काही न विचारता माझा खांदा सोडला.

"अण्णा, धरून बसा!" मी ओरडलो, पण हात आधीच जोडलेले.

तेवढ्यात समोरून एक म्हातारबाबा सायकलवर आले. झोत तोंडावर पडताच त्यांचा हात कपाळाशी गेला.

"राम राम!" अण्णा खुशीत म्हणाले.

"अहो, ते डोळे झाकतायत," म्हणत मी घाईने झोत खाली घेतला. जुन्या दिव्याने ही काळजी कधी करायलाच लावली नव्हती. कुणाच्या डोळ्यांवर येण्याइतका उजेड त्याच्याकडे होताच कुठे? उजेड वाढला की तो कुठे टाकू नये हेही बघावं लागतं.

म्हातारबाबांचा हात खाली आला. त्यांनी आमच्याकडे नीट पाहिलं आणि चेहरा खुलला.

"अरे, अण्णा! राम राम!"

अण्णांनी पुन्हा माझा खांदा सोडला.